आभाराचं तयार पान

चूक माझीच होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझी बाजू घ्यायला नको.

पीएचडीच्या प्रबंधाचा कच्चा खर्डा स्पायरल करून मी सरांच्या घरी नेला होता. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीतली. कचेरीत कागदाला वरच्या कोपऱ्यात भोक पाडतात आणि टॅग ओवतात. तीच सवय. मोठ्या हुशारीनं मी प्रत्येक पानाला वर ऐसपैस जागा सोडली आणि डावीकडं बोटभरही नाही. स्पायरलवाल्यानं त्याच्या रिवाजाप्रमाणं डावीकडं भोकं पाडली. अख्ख्या प्रबंधात ओळीओळीचं पहिलं अक्षर भोकात गेलं.

सरांनी तो उघडला. हॉलमध्ये सोफ्यावर मृणाल बसली होती. सरांचीच विद्यार्थिनी, कॉलेजात शिकवणारी. सर तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायला लागले. भोकासकट. अडखळत, पहिलीतलं पोर वाचतं तसं. पान उलटायचे, पुन्हा वाचायचे. मग प्रबंध माझ्यापुढं टाकला आणि म्हणाले,

"आरक्षणात नोकरी मिळते हो. समास मिळत नाही."

मृणाल हसली. आतून वहिनी, सरांच्या पत्नी, हसल्या.

आणि मीही हसलो.

चांगले दात काढून हसलो. वर म्हणालो, "सर, भारी बोलता तुम्ही."

तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. पेणकरपाड्यात वन रूम किचन, शाळेत जाणारी मुलगी, बायको हॉस्पिटलात नर्स. या वयात पीएचडी कशाला, असं ऑफिसात सगळे विचारायचे. प्रमोशन मिळणार नव्हतं. मी फक्त आईसाठी करत होतो. मराठवाड्यात आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया जात्यावर बसून, खुरपताना, हापशावर रांगेत उभ्या राहून गाणी म्हणायच्या. त्यातली निम्मी माझ्या आईनं रचलेली. तिला सही येत नव्हती. मी टेपरेकॉर्डर घेऊन बसायचो आणि ती आधी लाजायची, मग थांबायचीच नाही. कॅसेटमध्ये तिचा खोकला आहे, मागं कोंबडी आहे, मध्येच "चहा ठिवू का रं?" आहे. नंतर आई गेली. कॅसेटी राहिल्या. ती गाणी विद्यापीठाच्या कपाटात जाऊन बसावीत, तिच्या नावानं बसावीत, एवढाच हट्ट होता.

सर भाईंदर पश्चिमेला राहायचे. विभागप्रमुख. समतेवर व्याख्यानं द्यायचे. व्याख्यानात त्यांचा आवाज भरून यायचा. घरात कधी आला नाही.

त्यांच्या घरी माझी जागा ठरलेली. दारातून आत आलं की चपलांचं रॅक, रॅकशेजारी प्लास्टिकचं स्टूल. सोफ्यावर मृणाल आणि बाकीचे. मी स्टुलावर. तिथून मला पंखा लागायचा नाही, पण सगळ्यांच्या चपलांचे नंबर पाठ झाले. सरांचं लाइट बिल भरायचं असलं की मी. गॅसच्या नंबरासाठी फोन लावायचा असला की मी. संशोधनाचा अनुभव वाढत होता.

चहा यायचा. सगळ्यांना फुलाफुलांच्या कपबश्या. मला पांढरा प्लास्टिकचा कप, वापरून फेकायचा. त्यांच्याकडं माझ्यासाठी अख्खं पाकीट आणून ठेवलेलं होतं. आणि हा शहाणा काय समजत होता? की आपण लांबून येतो, घाईत असतो, म्हणून खास सोय केलीय. प्यालो की कप चुरगाळायचो, खिशात घालायचो आणि खाली सोसायटीच्या डब्यात टाकायचो. त्यांच्या घरात कचरा नको. एवढा शिस्तीचा माणूस पीएचडीला मिळतो कुठं?

घरी येऊन मी हे बायकोला कौतुकानं सांगितलं. म्हटलं, फार स्वच्छतेची माणसं आहेत.

ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, आमच्या वॉर्डात वापरून फेकतात ते रोगाच्या भीतीनं. त्यांना कसली भीती?"

"तुला सगळीकडं तेच दिसतं."

"दिसतं," ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

मला राग आला. तिचा. सरांचा नाही आला. आज सांगताना माझं मलाच थोबाडावंसं वाटतं, पण राहू दे, वय झालंय.

प्रबंध एकदाचा पुरा झाला. समास दुरुस्त केले. आता डावीकडं एवढी जागा की बैलगाडी वळावी. शेवटचं काम उरलं, सुरुवातीची पानं. मुखपृष्ठ, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, ऋणनिर्देश. प्रमाणपत्रावर सरांची सही झाली की काळ्या रेक्झिनमध्ये बांधायचं, वर सोनेरी अक्षरं, आणि विद्यापीठात जमा. सही नाही तर प्रबंध म्हणजे रद्दी.

केबिन रोडला जिग्नेशभाईचं टायपिंगचं दुकान. सरांनीच सांगितलेलं, तिथंच जा. जिग्नेशभाईनं विचारलं, "कौनसे सर के?" मी नाव सांगितलं. त्याचा चेहरा खुलला.

"अरे, तो आभार का टेन्शनच नहीं. रेडी है. सिर्फ नाम बदलने का."

आणि त्यानं पान उघडलं. खाली मृणालचंच नाव होतं अजून. मी वाचायला लागलो. गुरुवर्यांच्या चरणी नतमस्तक. परिसाचा स्पर्श. सगळं होतं. पुढं लिहिलेलं, "गुरुपत्नी सौ. वहिनींच्या घरी मी हक्काने पानावर बसले. त्यांनी मला आईची उणीव कधीच भासू दिली नाही."

मृणालची आई भाईंदरलाच राहते. ठणठणीत आहे. दर मंगळवारी मार्केटात दिसते.

"हे कुणी लिहिलं?"

"क्या मालूम. सर के सब स्टुडंट यही लेते हैं. बरसों से."

मी खुर्चीत बसलो. सरांच्या घरी मला मिळाली नव्हती तसली, पाठ असलेली खुर्ची होती. स्क्रीनवर 'पानावर बसले' चमकत होतं आणि मला तो पांढरा कप दिसत होता. हे पान मी सही करून विद्यापीठाला देणार. माझ्या आईची गाणी आत, आणि पहिल्याच पानावर लिहिलेलं, की आईची उणीव भासली नाही. कुणामुळं? जिनं मला कपबशी दिली नाही तिच्यामुळं.

इतकी वर्षं मला अपमान कळला नव्हता असं नाही. कळायचा. मी तो चुरगाळून खिशात घालायचो.

"जिग्नेशभाई, सगळं काढा."

"क्या?"

"निकालो सब. मैं बोलता हूँ, आप लिखो."

सरांनी मार्गदर्शन केलं त्याचे आभार, एका ओळीत. मग लिहिलं, "ही गाणी माझ्या आईची. ती निरक्षर होती. या प्रबंधात जे खरं आहे ते तिचं, चुका माझ्या." पुढं बायकोचं नाव. बस.

जिग्नेशभाई चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिला. "भाई, वहिनी का लाइन डाल दो. लिखने में क्या जाता है? साइन अटकेगी."

"अटकने दो."

आवाज एकदम मर्दानी आला.

रविवारी सकाळी पानं घेऊन सरांकडं गेलो. मृणाल सोफ्यावर होतीच. सर खुशीत होते, पेनाचं टोपण काढूनच बसले होते. त्यांनी प्रमाणपत्र बाजूला सारलं आणि आधी आभाराचं पान उचललं. माझ्या प्रबंधातलं एकही पान त्यांनी एवढं मन लावून वाचलं नव्हतं. आईच्या गाण्यांवर त्यांची लाल रेघ कधी उमटली नव्हती, कारण तिथवर ते पोचलेच नव्हते.

"वहिनींचं राहिलंय."

"राहिलं नाही सर. मी घेतलं नाही."

"म्हणजे?"

"मी इथं कधी पानावर बसलो नाही."

सर हसले. "अहो, ती एक पद्धत असते. आणि हे आई वगैरे काढा. माहितीदारांची नावं परिशिष्टात जातात."

"ती माहितीदार नाही सर. आई आहे."

"तुम्हाला इथवर आणलं कुणी?" आता हसू गेलं होतं. "कृतज्ञता शिकवून येत नाही म्हणा. ती घरातनंच यावी लागते."

तेवढ्यात वहिनी ट्रे घेऊन आल्या. दोन कपबश्या आणि एक पांढरा कप. पांढरा कप रॅककडं यायला निघाला.

"वहिनी, मलाही कपात द्या."

"हा कपच आहे की हो."

"घरातला."

वहिनींनी सरांकडं पाहिलं. सरांनी पेनाकडं पाहिलं. मृणालनं मोबाइल काढला, त्यात तिला फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं.

"धुणंभांड्याची बाई आली नाहीये आज," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या हातातल्या ट्रेवर कपबश्या होत्या.

"मी धुतो," मी म्हणालो. "मला येतं."

वहिनींनी पांढरा कप तिथंच टीपॉयवर ठेवला आणि आत गेल्या. सरांनी पेनाचं टोपण लावलं. हळू, व्यवस्थित, टिक् आवाज येईपर्यंत.

"पान बदलून आणा. मग सहीचं बघू."

"ती ओळ खरी असती ना सर, तर मी दोनदा लिहिली असती."

मी पानं गोळा केली. या वेळी कुणी हसलं नाही. मीही नाही. समतेवरच्या भाषणांचे त्यांचे फोटो भिंतीवर होते, हार घातलेले. त्या सगळ्या फोटोंत ते मला एकदम लहान दिसले. एका कपाला भिणारा माणूस. अशा माणसाची सही माझ्या आईच्या गाण्यांखाली हवी म्हणून मी त्याच्या चपला मोजत बसलो होतो.

घरी आलो. बायको ड्यूटीवरून येऊन नुकतीच टेकली होती. सगळं सांगितलं. मार्गदर्शक बदलायचा अर्ज करावा लागेल, त्याला कारण विचारतील, सर आडवे येतील, वर्षं जातील. कदाचित कधीच होणार नाही. कारण मात्र मी जसं आहे तसं लिहिणार. स्टूल लिहिणार, कप लिहिणार. आणि आईचं पान हलणार नाही. नावापुढं डॉक्टर लागलं नाही तरी चालेल, खोट्या आभारावर लागायला नको.

तिनं सगळं ऐकून घेतलं. शाबास वगैरे काही म्हणाली नाही.

"आणि कप?" तिनं विचारलं.

"कुठला कप?"

"आजचा. खिशात आणलात?"

"नाही. तिथंच राहिला. भरलेला."

"बरं झालं," ती म्हणाली. "आज तो त्यांना हातानं उचलून टाकावा लागला असेल."