बोटापुरती फट

जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या बियाण्यांच्या गोदामाला लागून पॅलेटं, म्हणजे मालाची पोती रचायचे पायवाले पाट, बनवायचा कारखाना आहे. तिथले डिझाइनवाले काका रोज बदनापूरहून रेल्वेने येतात. प्रत्येक वाक्याआधी सुस्कारा टाकतात आणि हातातला चहा प्यायचा विसरतात.

रिकामी पॅलेटं परत आणणारा ट्रक दिसला की म्हणायचे, "बघा, डिझेल जाळून हवा वाहून राह्यलो आपण."

मग त्यांनी पोकळ पायांचं पॅलेट काढलं. एकाचे पाय दुसऱ्याच्या पायांत बसायचे, त्यामुळे रिकाम्यांची थप्पी अगदी बुटकी व्हायची. कारखान्याचे मालक खूश झाले. पण आमच्या गोदामात नमुना लावून पाहताना एका हमालाचं बोट दोन पॅलेटांमध्ये सापडलं. काका त्याचा हात धरून नुसते बसून राहिले.

आठवड्याभरात त्यांनी डिझाइन बदललं. आता दोन पॅलेटांमध्ये बोटं जातील एवढी फट राहणार होती.

नवा नमुना बघायला आमच्या गोदामात आलेले मालक तिथेच चिडले. "म्हणजे ट्रकमध्ये कमी बसणार! मंग एवढा खर्चा कशाला केला?"

काकांनी सुस्कारा टाकला. जुन्या नमुन्यातलं वरचं पॅलेट उचलून त्यांनी मालकांच्या हातात दिलं आणि खालच्याच्या कडेवर स्वतःची बोटं ठेवली.

"सोडा साहेब."

मालक पॅलेट धरून तसेच उभे राहिले. शेवटी त्यांनी ते बाजूला ठेवलं. "ठेवा तुमची फट."

काकांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. त्यांनी पिशवी उचलली.

"येतो," ते मला म्हणाले. "गाडी निघून जाईल."