लिफ्ट अडकली की मला फोन येतो

बीडमध्ये लिफ्टचं काम करतोय त्याला अठरा वर्षं झाली. जोडीला सलीमभाई. वयानं मोठे, मला काम शिकवलं ते त्यांनीच. आम्ही दोघं चहाला बसलो की एका किश्शातून दुसरा निघतो आणि पुढच्या साइटवर पोचायला हमखास उशीर होतो.

*

एका नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर वास्तुशांत होती. सकाळीच वॉचमनचा फोन, "लवकर या, लिफ्ट हलंना."

जाऊन बघतो तर आत गाय! शेजारी घरमालक, भटजी आणि गायवाला. ओव्हरलोडचा बझर कोकलतोय, गाय निवांत आरशात बघतेय.

मी म्हणालो, "अहो, ही आठ माणसांची लिफ्ट आहे."

घरमालक म्हणाले, "मग? आमी चारच हाव की."

*

नारायणगडच्या जत्रेत सरळ उंच चढणारा पाळणा आला होता. लिफ्टच्या सात मजली डक्टमध्ये फळीवर उभे राहून काम करणारे सलीमभाई त्यात बसायला तयार होईनात.

पाळणेवाला हसला. "चाचा, उंचीची भीती वाटती का?"

"उंचीची न्हाई बे. ह्याचा ब्रेक मी तपासला न्हाई, त्याची वाटती."

*

धर्मापुरीला एका आजींसाठी मुलांनी घरात लिफ्ट बसवून घेतली. मुलं पुण्याला. लिफ्ट बोलणारी होती. आजींचा दुसऱ्याच दिवशी फोन, "ही बया सारखी दार लावा, दार लावा म्हणती. तिला गप करा."

आवाज बंद करून आलो. महिन्यानं पुन्हा फोन.

"तिला बोलू द्या बाबा. घरात दुसरं कोण बोलतंय?"

*

सलीमभाई घरच्यांना घेऊन सहलीला रामेश्वरला गेले. तिथून व्हिडिओ कॉल. "हे बघ, दोन बाजूला टॉवर, वर चाकं, दोऱ्या, मागं वजन. अबे, आपलीच लिफ्ट हाय! आत खोलीच्या जागी रेल्वेचा पूल!"

मागून भाभी म्हणाल्या, "भैया, दोन दिवस झाले, हे हितनं हलंनात. जहाज आल्याबिगर पूल वर जात न्हाई म्हनं."

तिसऱ्या दिवशी जहाज आलं. पुन्हा कॉल. पूल वर चढेपर्यंत सलीमभाईंनी फोन त्याच्यावरच धरून ठेवला. तो थांबल्यावर हळूच म्हणाले, "लेव्हल बघ. दोन्ही टोकं एकदम लेव्हल."

*

तेलगावकडचे दोन सख्खे भाऊ. शेताच्या बांधावरून नऊ वर्षं अबोला. वडील बीडच्या एका दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट होते. एक आला की दुसरा निघून जायचा, हे सगळ्या स्टाफला पाठ.

त्या दुपारी थोरला लिफ्टमध्ये शिरला. दार लागता लागता धाकटाही घुसला. आत कोण आहे हे त्यानं बघितलंच नव्हतं. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली.

आम्ही पोचलो तेव्हा आतून भांडण ऐकू येत होतं. बांध, विहीर, आईच्या बांगड्या, सगळं निघालं. सलीमभाई वर मशीनरूमकडं पळाले, मी दारापाशी थांबलो. वडिलांना व्हीलचेअरवर बसवून नर्सनं रॅम्पवरून खाली आणलं होतं. ते दाराकडं बघत होते.

मग आतला आवाज एकदम बंद झाला.

सलीमभाईंनी हातानं चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली. मी चावी लावली आणि ओरडलो, "घाबरू नका, दार उघडतोय!"

आतून थोरल्याचा घोगरा आवाज आला.

"मिस्त्री, दहा मिनिटं थांबा."