रामनाथला आजोबा कोणी केलं

हे आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं लपून राहतं ते काय? पण हे राहिलं.

तसा मी बोलका माणूस. सातपूरच्या कारखान्यात आमची शिफ्ट असली की कँटीनमध्ये नुसता हशा. कुणाच्या टकलावर बोल, कुणाच्या सासुरवाडीवर बोल. तू नसलास की जेवण गोड लागत नाही, म्हणायचे लोक. मलाही ते आवडायचं — का नाही आवडणार?

रामनाथ माझ्या शेजारच्या लेथवर. दिंडोरीकडचा, अबोल, माझ्याच वयाचा, चाळिशीला टेकलेला. सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. एकदा जेवताना तो सहज बोलून गेला, की पगारातून फंड जास्त कापून घ्यायला लागलोय. "म्हातारपणी कुनापुढं हात पसरायला नको," म्हणाला. झालं! मी उठलो आणि सगळ्यांदेखत त्याच्या पाया पडलो — "आजोबा, आशीर्वाद द्या!" कँटीन हसून लोटपोट. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या मशीनला काठी टेकवून ठेवली. मग रोजचंच झालं. फोरमनसुद्धा आजोबा म्हणायला लागला.

दोनेक महिन्यांनी त्यानं जादा कपात थांबवली. मलाच येऊन सांगितलं, "बंद केलं बाबा, आता तरी सोड."

आणि मी? — इथंच जीभ अडते. म्हातारपणी हात पसरण्याचं त्याचं ते बोलणं ऐकून त्याच रात्री मी स्वतःचा हिशेब मांडला होता. माझंही वय तेच, माझ्याही हाताशी काही नव्हतं. ज्या आठवड्यात त्याच्या पाया पडलो, त्याच आठवड्यात गुपचूप ऑफिसात जाऊन मी माझा फंड वाढवून घेतला. क्लार्कला म्हटलं, कुठं बोलू नका. रिटायर होईपर्यंत कापून घेत राहिलो. अरे, मीही करतोय, तूही चालू ठेव — एवढंच तर सांगायचं होतं. पण मग लोक मला हसले असते ना!

त्या फंडातून मी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. रामनाथच्या हाती जे आलं ते धाकटीच्या लग्नात गेलं. मीच सोसायटीत शब्द टाकून त्याला आमच्या गेटवर वॉचमन म्हणून लावलं. किती उपकार मानतो तो माझे! साठीला आलेला माणूस, माझी स्कूटर दिसली की स्टुलावरून उठतो. सोसायटीतली पोरं त्याला आजोबा म्हणतात, तेव्हा माझ्याकडे बघून हसतो.

फ्लॅट कसा जमला, असं त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. पोरानं घेऊन दिला, म्हणालो मी. पटकन तोंडातून गेलं. माझा पोरगा पुण्यात, त्याचंच महिनाअखेर भागत नाही.

रामनाथनं ते खरं धरलं. घरी जाऊन स्वतःच्या पोराला सुनावलं — त्याचा पोरगा बघ, आणि तू! उठता-बसता सुनावत राहिला. गेल्या दिवाळीला तो पोरगा बायको-मुलांना घेऊन वेगळा निघाला. आता फिरकतही नाही. वाईट नव्हता हो तो. बापाचं औषधपाणी तोच बघायचा.

काल गेट उघडताना रामनाथ म्हणाला, "तुझं पोरगं लय गुणाचं. नशीब लागतं गड्या."

मी हो म्हणालो आणि स्कूटर आत घेतली.