दुसऱ्याचं पोट
संग्रहालयाच्या मागच्या अंगाला कीटकांची खोली होती आणि त्या खोलीत टाचणीबाईंचं राज्य होतं. तांदळाच्या दाण्याएवढा तुडतुडा पुठ्ठ्याच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर डिंकाच्या थेंबानं चिकटवायचा, तुकड्यातून टाचणी पार करायची आणि तिच्यात चिठ्ठी ओवायची: कुठं सापडला, कधी, कोणी पकडला. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. "बाईंच्या हातून किड्याची मिशीसुद्धा मोडत नाही," असं सर आल्यागेल्याला सांगत. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण मनातून त्यांना ते भारी गोड लागे.

सर म्हणजे खोलीचे प्रमुख, तुडतुड्यांच्या वर्गीकरणातलं मोठं प्रस्थ. किड्यालाही नाव-आडनाव असतं. प्रजाती म्हणजे त्याचं आडनाव. नवी जात पुष्कळांना सापडते, पण अख्खं नवं आडनाव देण्याचा योग एखाद्यालाच येतो. सरांना तो आला होता. एका नराचं कपाळ आणि मागच्या पायाचा हलता काटा ओळखीचे, पण पोटाच्या टोकाची घडण भलतीच. गडी कुठल्याच प्रजातीत बसेना. मग सरांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती केली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं. प्रजातीचा पाया म्हणून त्या नमुन्याला लाल चिठ्ठी लागली. पुढं जगात कुठंही त्याचा दुसरा भाऊबंद सापडला नाही. "दुर्मीळच आहे तो," सर कौतुकानं म्हणत.

यंदा जुनी कपाटं बदलायची निघाली. नमुने हलवताना बाईंनी लाल चिठ्ठीवाला सूक्ष्मदर्शकाखाली धरला, धूळ बसली का बघायला. छाती आणि पोट यांच्या सांध्यात पिवळा पडलेला डिंक दिसला. त्यांनी चिठ्ठीवरची तारीख वाचली. नोकरीचा त्यांचा पहिलाच महिना. त्या तारखेला पकडलेल्या दोन नरांची पोटं एकाच वेळी गळून पडली होती, आणि कोणी बघायच्या आत नवख्या बाईंनी ती घाईघाईनं चिकटवून टाकली होती. त्यांनी त्याच तारखेचा दुसरा नर साध्या तुडतुड्यांच्या पेटीतून काढला; त्याचं पोट कोणी कधी तपासलंच नव्हतं. त्याच्याही सांध्यात डिंक होता. याचं पोट त्याला, त्याचं याला. दोघेही अगदी साधे, गल्लीबोळात भेटणारे तुडतुडे होते. सरांची प्रजाती जगात नव्हतीच. ती बाईंनी चिमट्यानं जोडली होती.

दुपारच्या सुट्टीत त्या नवऱ्याच्या दुकानात गेल्या. नवरा घड्याळजी, डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"बोललं तर एकतीस वर्षांचं नाव मातीत जाईल माझं," बाई म्हणाल्या. "लोक म्हणतील, हिनं आणखी किती पोटं बदलली असतील कोण जाणे."

"म्हणतील," घड्याळजी म्हणाला. "आणि दोनचार जणं तपासूनही बघतील. बघू दे की. आपण बिघडवलेलं घड्याळ आपणच उघडावं. गिऱ्हाइकानं उघडलं तर मग तोंड दाखवायला जागा नाही."

बाईंना त्याचा रागच आला, कारण तो बरोबर बोलत होता.

परत येऊन त्यांनी सरांना दोन्ही नमुने दाखवले. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून उठले नाहीत. उठले तेव्हा चेहरा उतरला होता.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. एकतीस वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नाही. तुमचंही नाव राहील, माझंही."

"मूठ माझी आहे, सर. मी उघडणार."

"माझ्या आईचं नाव आहे ते," सर म्हणाले.

बाईंना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्या मागं हटल्या नाहीत. "म्हणूनच म्हणते. आईचं नाव खोट्या पोटावर कशाला ठेवायचं?"

"या नमुन्याला हात लावायचा नाही. हा हुकूम समजा," सर म्हणाले आणि ताडताड निघून गेले.

बाई टेबलाशी बसल्या. काळ्या शाईची बारीक लेखणी घेतली आणि नखाएवढ्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकेका टाचणीत एकेक ओवली, सगळ्यांत खाली. वरच्या कशालाही धक्का लावला नाही. सर दारात परत येऊन उभे होते, ते त्यांना मग दिसलं.

"काढा ती," सर म्हणाले.

"टाचणीत एकदा गेलेली चिठ्ठी काढायची नाही. खोटी ठरली तर खाली दुसरी लावायची. या खोलीचा नियम आहे, आणि शिकवलात तुम्ही. माझी खोटी असेल तर लावा खाली तुमची."

सर टेबलाशी आले. कोऱ्या चिठ्ठ्यांचा डबा बाईंनी त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो उघडला नाही. वाकून त्यांनी बाईंचं अक्षर वाचलं: 'पोट दुसऱ्या नराचं. चुकून मी चिकटवलं.' खाली बाईंचं पूर्ण नाव होतं. हजारो चिठ्ठ्या लिहिणाऱ्या त्या हातानं आजवर पकडणाऱ्यांची नावं लिहिली होती, सरांचं लिहिलं होतं. स्वतःचं पहिल्यांदाच लिहिलं, आणि तेही चुकीखाली. अक्षर कुठंही हललं नव्हतं.