जबानीत घातलेलं नाव

माझे वडील पुंजाराम औरंगाबादच्या कोर्टात दुभाषी होते. निजामावर पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षं झाली, तरी कोर्टाचा कागद उर्दूतच चाले. वडिलांची उर्दू शहागंजात शिकलेली, चोख. तिचा त्यांना भारी तोरा होता.

पाचोडकडे बांधाच्या भांडणात कडूबा नावाचा शेजारी कुऱ्हाडीच्या घावाने मेला. सूर्यभान आणि मुंजाबा हे दोघे भाऊ धरले गेले. पाहणारी एकटीच, धाकट्या मुंजाबाची बायको कस्तुराबाई. आरोपी समोर नसताना, मॅजिस्ट्रेट साहेबांच्या खोलीत तिची जबानी झाली.

"त्यांनी कुऱ्हाड घातली," ती म्हणाली.

"कोणी?" वडिलांनी विचारलं.

"त्यांनीच की वो." पदर पुढं ओढून ती खाली बघत राहिली.

बाई अशी लाजून 'त्यांनी' म्हणते म्हणजे नवराच, असं वडिलांनी धरलं. थोरल्या दिराचंही नाव ती घेत नाही, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण साहेब घड्याळ बघत होते. वडिलांनी उर्दूत नाव घातलं, मुंजाबा. उर्दू न कळणाऱ्या कस्तुराबाईने अंगठा उठवला.

खटल्यात तिला पुन्हा न विचारता तो कागदच वाचला गेला. बायकोनेच आपल्यावर आळ घेतला, असं मुंजाबा समजला. त्याला जन्मठेप झाली. सूर्यभान सुटला.

व्हरांड्यात कस्तुराबाईने वडिलांना गाठलं. "थोरले कसे सुटले? म्या तर त्यांचंच सांगितलं व्हतं. आत जाऊन सायबाला सांगा ना, दादा."

आत जायला दहा पावलं होती. पण उर्दूचे दिवस भरत आले होते, दुभाष्यांच्या नोकऱ्या जाणार अशी बोलवा होती. "निकाल लागला, आता काही होत नाही," वडील म्हणाले. ही शुद्ध थाप होती. मी त्यांची मुलगी, पण मला त्यांची आजही चीड येते.

चार वर्षं ती भाकरी बांधून तुरुंगाच्या दाराशी जात राहिली. मुंजाबा तिला भेटलाच नाही.

वडिलांची नोकरी शेवटी गेलीच. मग ते तुरुंगात गेले आणि मुंजाबाला सगळं सांगून टाकलं. तो खूप रडला. म्हणाला, "तिला पाठवा. म्या भेटतो म्हणावं."

वडील निरोप घेऊन पाचोडला गेले. कस्तुराबाई आषाढातच तापाने गेली होती. मुंजाबाला कोणी कळवलं नव्हतं.

परत जाऊन त्याला हे सांगणं वडिलांच्याने झालं नाही. दर भेटीच्या दिवशी मुंजाबा सकाळीच अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून बसतो, असं तुरुंगातला शिपाई सांगे.