गरम पाण्याची पिशवी

रविवारी कोरीटला माहेरी होते. दादा सुरतहून आला होता, आणि आल्या आल्या त्याने नानांना पुन्हा तेच ऐकवायला सुरुवात केली... "इतला वरीस व्हयनात शुगरले, पायले शेक लेवाना नही, इतलं समजत नही का तुमले?"

नाना, म्हणजे आमचे वडील, खाटेवर मान खाली घालून बसले होते. डावा पाय गुडघ्याखाली नाही.

जानेवारीतली गोष्ट. आई गेल्यापासून नाना एकटेच असतात, म्हणून मी आठ दिवस राहायला गेले होते. संध्याकाळी पाय चेपायला घेतले तर तळवे गारठलेले. मी मोजे चढवले, गरम पाण्याची पिशवी भरून पायाखाली ठेवली आणि स्वयंपाकाला लागले. "चटका बसत नाही ना?" विचारलं. "काहीच नही," म्हणाले.

खरंच काही कळत नव्हतं त्यांना. शुगरमुळे पायांची जाणीव कधीच गेली होती... आणि आम्ही कुणी त्यांचे तळवे कधी उलटून पाहिले नव्हते.

सकाळी डाव्या पायाचा मोजा काढला, तर मोज्याबरोबर कातडी आली. "काय व्हयनं?" नानांनी विचारलं. चेहऱ्यावर दुखल्याची खूणसुद्धा नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

नंदुरबारला दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शेक कुणी दिला?" मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "मीच लिधा, साहेब. पोर घर नव्हती."

मी गप्प राहिले.

आधी बोटं गेली, मग पाऊल... शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. येईल तो नानांनाच बोलायचा, आणि मी दर वेळी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जायचे.

रविवारी मात्र उठता आलं नाही. "दादा, शेक मी दिला होता."

नाना माझ्यावर चिडले. "कसाले सांगं तू? मन्हा पाय तर गया... तुले का बोल लागू देऊ?"

दादा खाली बसला, नानांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत नीट बघत गेला. करंगळीखाली बारीकसा फोड होता. नानांना पत्ताच नव्हता.

सोमवारी तिघं डॉक्टरांकडे गेलो. "वेळेत आलात," म्हणाले. दादा बाहेर येऊन बाकावर बसला आणि रडला... मीही.

तुमच्या घरी कुणाला शुगर असेल, तर पाय कितीही गार लागू देत, शेक देऊ नका. नुसते मोजे घाला. आणि दुखतंय का एवढं विचारून थांबू नका, रोज स्वतः तळवे बघा.

चार महिने नानांनी माझ्या वाटणीची बोलणी खाल्ली. ते फेसबुकवर नाहीत. असते, तर ही पोस्ट त्यांनी मला टाकूच दिली नसती...