तिरोड्याकडची पार आणि जेवल्यावरची एक टोपली

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जावं असं कोणी विचारलं की मी तिरोड्याकडची खेडी सांगते, आणि लोक हसतात. हसा खुशाल. मी पंचावन्न साली गेले होते, आणि त्या चार दिवसांपायी माझी नोकरी जाता जाता राहिली. आता वय ब्याऐंशी आहे, एका बोटानं टाइप करते, तेव्हा वाचायची घाई करू नका.

जायचं ठरलं ते अमेरिकेमुळे. मी तेव्हा गोंदियाच्या एका शाळेत सातवीला शिकवायचे. पुस्तकात एक धडा होता, समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांचा. ओंडक्यांची घरं, घरीच केलेला साबण, चरबीच्या मेणबत्त्या, लोहाराची भट्टी, लाकडी पिंपं करणारे कारागीर. एखाद्याचं कोठार उभारायचं तर सगळं गाव जमायचं आणि दिवसभरात उभारून मोकळं व्हायचं, बायका तिथंच स्वयंपाक करायच्या. धडा चांगला होता, माझं भांडण धड्याशी नव्हतंच. भांडण झालं हेडमास्तरांशी. ते वर्गात आले, थोडा वेळ ऐकलं आणि मुलांना म्हणाले, बघा, ही माणसं स्वतःच्या हातानं देश उभा करत होती, आणि आपल्या खेड्यांतली माणसं सरकारची वाट बघत बसतात. मुलं माना डोलवत होती. त्यातली निम्मी खेड्यांतलीच होती. माझं डोकं फिरलं.

गॅदरिंगला याच धड्याचं प्रदर्शन मांडायचं असा त्यांचा हुकूम होता. मी म्हटलं, मांडते, पण शेजारी आपल्या वस्त्यांचंही मांडीन. त्यात दाखवण्यासारखं काय आहे, असं त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. मी म्हटलं, बघून येते. ते म्हणाले, काही आणलंत तर ठीक, नाहीतर निमूट मेणबत्त्या मांडायच्या. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, हे सांगायला ते विसरले नाहीत.

शाळेच्या शिपायाची बहीण येसनबाई तिरोड्याच्या पुढं एका खेड्यात दिली होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं वाचाल तेव्हा कळेल. आई म्हणाली, एकटी बाई कुठं निघालीस. मी म्हटलं, गाडीत दोनशे माणसं असतात, एकटी कशी?

गोंदियाहून तिरोडा म्हणजे पॅसेंजर गाडीनं तासाभराच्या आतलं काम. आजही तसंच जा, मोटारीपेक्षा बरं. स्टेशनावर सगळी हिंदी. चहावाल्यानं 'मॅडमजी, अकेले?' असं विचारलं, त्याला मी 'हां, तो?' एवढंच म्हटलं आणि चहा घेतला. तिरोड्याहून पुढं रेंगी, म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. रस्ता कसला, दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. हलकं धान कापून झालेलं, भारी धान अजून हिरवं, लोंबीवर आलेलं. मी वही काढून लिहायला लागले, तर गाडीनं असा हिसका दिला की पहिलं पान शाईनं भरलं. ते पान अजून आहे.

येसनबाईचा नवरा गणपत गावचा पाणकर होता. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला कधी जाणार हे त्यानं ठरवायचं, आणि ते कोणी मोडायचं नाही. रात्री भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी आणि तलावातले मासे. पोटभर खाल्लं. पैसे विचारले तर येसनबाईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुताराकडे नेलं. लटारू सुतार येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाचा एक दट्ट्या तासत होता, चांगला मांडीएवढा जाड. विचारलं तेव्हा सगळी गोष्ट कळली. तलावाच्या पाळीला तिकडे पार म्हणतात आणि पाणी सोडायच्या दाराला तुडुम. त्या तुडुमाचं भोक बुजवणारा लाकडी दट्ट्या सडला होता आणि रात्रंदिवस पाणी नाल्यात वाहून जात होतं. तलाव पूर्वी मालगुजाराचा, म्हणजे तिकडच्या जमीनदाराचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाला, आणि कचेरीतून सांगणं आलं की साहेब पाहणी करेपर्यंत तुडुमाला कोणी हात लावायचा नाही. गावानं तीन अर्ज केले. साहेब आले नाहीत. भारी धानाला अजून पंधरा दिवस पाणी हवं होतं, आणि तलाव आठ दिवसांत रिकामा होणार होता. तेव्हा गावानं मारुतीच्या देवळापुढं बसून ठरवलं, उद्या आपणच बसवायचा.

'आमची वाट पाहून पाहून दट्ट्या नाही सडला,' लटारू म्हणाला, 'सरकारची पाहून सडला.' हेडमास्तरांना ऐकवायला मी ते वाक्य लगेच लिहून घेतलं.

येसनबाईनं मला एक रीत सांगून ठेवली. पारीच्या कामाला मजुरी नसते. सुतार लाकडाचं घेत नाही, लोहार कड्यांचं घेत नाही, बुडी मारणारा ढिवर, म्हणजे तिकडचा कोळी, बुडीचं घेत नाही. दुपारी सगळं गाव पारीवरच जेवतं, आणि जो जेवला त्यानं एक टोपली माती टाकायचीच. नवी नवरी असो, पाहुणा असो. मालगुजारसुद्धा टाकायचा, डोक्यावर पटक्याचीच चुंबळ करून. मला ते फार आवडलं. अमेरिकेच्या कोठाराशेजारी शोभेल असं मनात आलं, आणि दोन पानं भरली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच सगळे पारीवर. फागू ढिवर, साठीचा बारीक माणूस, तीनदा बुडी मारून खाली गेला. तिसऱ्यांदा सडलेला दट्ट्या वर आला, काळा, बोट रुतेल इतका मऊ. नवा खाली गेला, वरून गाळाची माती, मग टोपल्यांची रांग. नाल्यातलं पाणी बारीक होत होत थांबलं. गणपत काठावर उकिडवा बसून नुसता बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी आंब्याखाली बसून लिहीत होते. कोणी काय केलं, नावासकट. प्रदर्शनात प्रत्येकाच्या वस्तूपुढं त्याचं नाव लावायचं अशी माझी हौस.

'बाई, तुमी लिहून कायले राहिल्या?' येसनबाईनं जाता जाता विचारलं. मी म्हटलं, मुलांना दाखवायला. तिनं वहीकडे एकदा पाहिलं आणि टोपली घेऊन रांगेत गेली. त्या बघण्यावरून मला कळायला हवं होतं.

जेवणं सुरू झाली आणि सायकलवरून साहेब आले. इतके दिवस न आलेले, नेमके आजच. घामानं भिजलेले, भुकेलेले. येसनबाईनं कोणी काही बोलायच्या आत त्यांच्यापुढं पत्रावळ मांडली. साहेबांनी दोनदा भात घेतला, हात धुतले, टोपी घातली आणि मग ते साहेब झाले. तुडुमाला हात कोणी लावला, त्यांनी विचारलं. सगळे आपापल्या पत्रावळीत बघायला लागले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यांना मी दिसले, मांडीवर वही घेऊन बसलेली.

मी कोण, कुठली, काय लिहिलंय, सगळं विचारून झालं. शाळेचं काम आहे म्हटलं. मग दाखवायला हरकत काय, असं म्हणून त्यांनी हात पुढं केला. त्या वहीत लटारू होता, फागू होता, गणपत होता, लोहार होता, सगळे नावानिशी, कामानिशी, माझ्या सुंदर अक्षरात. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. माझी नोकरी पक्की व्हायची होती, घरी माझ्या पगारावर आई होती. पण फागूच्या अंगावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं आणि तो माझ्याकडे बघत होता. मी वही पदराखाली घेतली.

'देणार नाही,' मी म्हटलं. 'माझं नाव लिहून घ्या, शाळेचा पत्ताही देते.'

साहेब म्हणाले, हेडमास्तरांना पत्र जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या.

तेवढ्यात येसनबाई मध्ये आली. तिनं मातीनं भरलेली टोपली साहेबांच्या पायांशी ठेवली. 'सायेब, जेवले ना तुमी? मंग टोपली टाकाच लागते.'

आपण सरकारी माणूस आहोत, असं साहेबांनी सांगून पाहिलं.

'मालगुजारबी टाकत होता,' लटारू बसल्या जागेवरून म्हणाला. 'त्याच्याच जागी आलं ना सरकार?'

कोणी हसलं नाही. सगळं गाव बघत राहिलं. साहेबांनी टोपलीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढली, रुमालाची चुंबळ केली, टोपली एका झटक्यात डोक्यावर घेतली आणि पारीवर जाऊन नेमक्या जागी रिकामी केली. शिकवावं लागलं नाही, तेही कुठल्यातरी बांधीतूनच आलेले असणार. खाली आले, सायकल उचलली आणि वही न मागता गेले. मला हुश्श वाटलं, तर येसनबाई माझ्यापुढं टोपली घेऊन उभी. तीन दिवस जेवत होते, आणि वहीखेरीज काही उचललं नव्हतं. माझी निम्मी माती वाटेत सांडली.

परतताना बोदलकसाच्या तलावावर थांबले. तुम्हीही थांबा, पाणी नजरेत मावत नाही. नागझिऱ्यात वाघ बघायला आता सगळे जातात, जा, वाटाड्या घ्या. पण येताना एखाद्या साध्या तलावाची पार चालून बघा.

सडलेला दट्ट्या मी पोत्यात घालून गाडीनं आणला. मागोमाग पत्रही आलं. साहेबांनी शब्द पाळला होता, किंवा त्यांना पाळावा लागला होता. त्यात होतं, आपल्या शिक्षिकेकडून बेकायदा कामात सामील असलेल्यांची नावं लेखी घेऊन कळवावीत. हेडमास्तर म्हणाले, यादी द्या, नाहीतर तुमचं पुढचं मी काही सांगू शकत नाही. मी तिथंच बसून यादी लिहिली. पारीवर माती टाकणाऱ्यांत मी होते, एक टोपली, त्यातली निम्मी सांडली. दुसरं नाव साहेबांचं, एक टोपली, पूर्ण. पत्राखाली त्यांची सही होती, त्यामुळे नाव बिनचूक लिहिता आलं. बाकीची नावं लक्षात राहिली नाहीत, असं लिहून खाली सही केली.

हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं, पाकिटात घातलं आणि तसंच पाठवून दिलं. उत्तर कधीच आलं नाही. गॅदरिंगला मेणबत्त्या मांडल्या, आणि शेजारी दट्ट्या, पुढं नाव कोणाचंच नाही. मुलं त्याला बोट रुतवून बघत होती.

काय उरलं म्हणाल तर तो दट्ट्या, आता लाकूड कमी आणि भुगा जास्त. वही मी पुढं कोणाला दाखवली नाही, आणि माणसांची नावं विचारल्याशिवाय लिहू नयेत हे मात्र पक्कं शिकले. इथली सगळी नावंही बदललेली आहेत.

पौषात येसनबाईनं भावाबरोबर त्या भारी धानाचा नवा तांदूळ पाठवला. त्यातला शेरभर मी हेडमास्तरांच्या घरी दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, भात कसा होता. फार छान, ते म्हणाले. मग मी त्यांना जेवल्यावरची रीत सांगितली. ते हजेरीपट उचलून वर्गावर गेले. पुढच्या दिवाळीत मी तिरोड्याच्या गाडीत चढले, तर खिडकीशी हेडमास्तर बसले होते, धोतर खोचून, मांडीवर रिकामी टोपली.